नापीक, पडीक, भाकड आणि वांझ

मागील महिन्यात आम्ही पाचव्या इयत्तेच्या मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवीत होतो. फळ्यावर आम्ही शब्द लिहायचा आणि मुलांनी वहीत त्याच्या समोर उलट शब्द लिहायचा, असा आमचा नेहमीचा क्रम. दिवस आणि रात्र झाले, गोड आणि कडू झाले. ‘सुपीक’ या शब्दासमोर एका मुलीने ‘वांझ’ असे लिहिले. पुस्तकातील उत्तर ‘नापीक’ आहे. आम्ही तांबड्या शाईने फुली मारली, वर ‘नापीक’ लिहिले आणि पुढच्या वहीकडे वळलो.

मुलगी बाकाजवळून हलेना. अर्धे मराठीत, अर्धे क्रेओलीत तिने विचारले, “गुरुजी, आजी परसातल्या पपईला वांझ म्हणते. झाडाला चालते, मग जमिनीला का चालत नाही?”

प्रश्न चांगला होता. आम्ही खडू हातात घेऊन उत्तर देण्यास वळलो, तोच ती हळू आवाजात म्हणाली, “आजी मावशीला पण म्हणते.”

मागच्या बाकावरची दोन मुले हसली. आम्ही काही बोलण्याच्या आत घंटा झाली आणि, खरे सांगायचे तर, आम्हाला सुटल्यासारखे वाटले. वीसहून अधिक वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाने एका शब्दाला इतके घाबरावे हे काही शोभणारे नाही. म्हणून तो शब्द आणि त्याची भावंडे आज या पानावर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुलीची चूक तशी मोठी नव्हती. ‘वांझ’ हा शब्द संस्कृतातील ‘वंध्या’पासून आला. ‘संध्या’ची जशी ‘सांज’ झाली, तशीच ‘वंध्या’ची ‘वांझ’ झाली. आपल्या भोजपुरी शेजाऱ्यांकडे तोच शब्द ‘बाँझ’ होऊन आला. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. करारावरचे मजूर हिंदुस्थानातून या बेटावर येण्यास १८३४ साली आरंभ झाला. म्हणजे तिकडे शब्द कोशात गोळा होत होते, त्याच काळात ते इकडे आपल्या पूर्वजांच्या तोंडून जहाजावर चढत होते. कोश त्यांच्यापाशी नव्हता. शेतीचे, गोठ्याचे आणि चुलीपुढचे शब्द तेवढे बरोबर आले, आणि पुढच्या पाच-सहा पिढ्यांत त्यांतलेही पुष्कळ गळून गेले. गळाले ते बहुधा कामाचे होते. ‘वांझ’ मात्र टिकला.

कोकणातल्या शेतकऱ्यापाशी न पिकण्यासाठी एकच शब्द नव्हता. त्यात तो फार बारकाईने फरक करीत असे. जी जमीन कसलेली नाही, नुसती पडून आहे, ती ‘पडीक’. दोष जमिनीचा नाही, नांगर फिरला नाही एवढेच. डोंगरउतारावरची ‘वरकस’ जमीन नाचणी-वरी घेऊन दमली की तिला काही वर्षे मुद्दाम पडीक ठेवीत. समुद्राचे पाणी शिरून बिघडली ती ‘खारवट’. तिला बांध घालून गोडे पाणी फिरविले तर ती पुन्हा भाताला येते. माणसे सोडून गेली तर गाव ‘ओसाड’ होते, आणि तेथे पिकण्या न पिकण्याचा प्रश्नच नसतो. पेरून, राबूनही हाती काही लागत नाही ती ‘नापीक’. येथे ‘पीक’ हा आपला आणि पुढचा ‘ना’ हा ‘नाराज’, ‘नापसंत’ यांच्या धाटणीचा, फारसीच्या वळणाचा. असे जोडकाम मराठीला नेहमीच आवडत आले आहे.

झाडाची वाढ अडली तर ते ‘खुरटले’, आणि वाळून उभेच राहिले तर ‘वठले’. दाणा भरला नाही तर कणीस ‘पोचट’, पाखडताना सुपातून उडून जाते ते ‘फोलपट’. गाय आटली की ती ‘भाकड’. या शेवटच्या शब्दाकडे वाचकांनी थोडे लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. भाकड गाय म्हणजे या वेळी दूध न देणारी गाय. ती पुन्हा गाभण राहते, विते आणि दुभती होते. ‘भाकड काळ’ हा शब्दही त्यातूनच निघाला, आणि काळ म्हटला की तो सरतो. गोठ्यात राबणाऱ्या माणसाला गायीविषयी एवढी सबुरी होती.

पडीक कसता येते, खारवट गोडी करता येते, भाकड दुभती होते. या सगळ्या शब्दांत पुढे काही होण्याला जागा आहे. ‘वांझ’ या शब्दात ती जागा नाही. तो निकाल आहे. संस्कृत पंडितांनी तर अशक्य गोष्टीचा दाखला देताना सशाच्या शिंगाबरोबर ‘वंध्यापुत्र’ नेऊन बसविला, म्हणजे जी गोष्ट त्रिकाळी होणार नाही ती.

आता हा निकाल किती वेळा चुकला ते पाहू. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

आपल्या रोजच्या उसाचेच घ्या. आमचे आजोबा ऊसतोडणी करीत आणि आमच्या घरात उसाविषयी बोलणे भाताइतकेच नित्याचे होते. ऊस कोणी बी पेरून लावीत नाही. कांडी तोडून सरीत पुरतात. महाराष्ट्रात तिला ‘बेणे’ म्हणतात. पहिले पीक ती ‘लागण’, ते तोडल्यावर त्याच बुंध्यातून फुटून येणारे पीक तो ‘खोडवा’, आणि त्याच्या नंतरचा ‘निडवा’. आमच्या वर्गात खोडवा कोणालाच माहीत नाही, पण ‘रेपूस’ म्हटले की सगळे हात वर होतात. एकदा लावलेला ऊस येथे सहा-सात वर्षेही रेपूस देत राहतो.

थंडीचे दिवस येऊ लागले की उसाला तुरे येतात. सबंध माळ रुपेरी दिसतो, परदेशी पाहुणे मोटारी थांबवून छायाचित्रे घेतात. पण शेतकऱ्याला हा तुरा फारसा आवडत नाही, कारण तुरा आला की त्या उसाची उंची वाढणे थांबते. त्या तुऱ्यातून पुढे फळ नाही, बी नाही, नुसता कापूस वाऱ्यावर उडतो. जुन्या मळेवाल्यांची समजूत अशी की ऊस हे वांझ गवत आहे, त्याला फूल येते ते नावापुरते. शेकडो वर्षे जगभर कांडीवरच काम चालले होते, मग शंका घेतो कोण?

१८८७-८८ च्या सुमारास जावा बेटावर सोल्टवेडेल यांनी आणि बार्बाडोस बेटावर हॅरिसन व बोव्हेल यांनी दाखवून दिले की त्या कापसात बी असते आणि ते उगवते. बी इतके बारीक की पिसांतून वेगळे दिसत नाही. त्यातून फुटलेले कोवळे रोप गवताच्या पात्यासारखे, खुरप्याखाली सहज जाणारे. कोणी खाली वाकून पाहिले नव्हते एवढेच. तेथून पुढे दोन जातींचा संकर करून नवा ऊस तयार करण्याचे युग सुरू झाले. आपल्या बेटावर १९५० च्या आसपास बहुतेक शेतांत जो ऊस उभा होता त्याचे नाव ‘एम १३४/३२’. एम म्हणजे मॉरिशस, १३४ हा रोपाचा क्रमांक आणि ३२ म्हणजे १९३२ साल. बीपासून वाढविलेले ते रोप होते. १९५३ साली रेद्युई येथे ऊस संशोधनाची संस्था निघाली, तेथेही हेच काम चालत आले. ज्या तुऱ्याला वांझ म्हणत होते, त्याच्याच पोटी निपजलेल्या उसाची मोळी आमच्या आजोबांनी डोक्यावरून वाहिली. त्यांना हे ठाऊक होते असे वाटत नाही. कळले असते तर ते नुसते “असेल” म्हणाले असते, कारण ओझे दोन्ही उसांचे सारखेच.

दुसरा निकाल आपल्या रानातल्या एका झाडाविषयी, आणि तो जगभर गाजला. ‘तांबालाकोक’ हे झाड फक्त मॉरिशसमध्ये होते. त्याची कोय फार जाड आणि कठीण. १९७७ साली स्टॅन्ली टेम्पल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका मोठ्या विज्ञान साप्ताहिकात लिहिले की या जातीची तेराच म्हातारी झाडे उरली आहेत, सगळी तीनशे वर्षांहून जुनी, आणि त्यांची कोय आता रुजतच नाही. कारण काय? तर पूर्वी डोडो पक्षी ही फळे गिळी, त्याच्या पोटातल्या खड्यांवर कोय घासली जाई, मगच कोंब फुटे. सतराव्या शतकात डोडो संपला आणि झाड वांझ झाले. त्यांनी टर्की पक्ष्यांना सतरा कोया खाऊ घातल्या. त्यांतल्या सात फुटल्या, दहा धड राहिल्या, आणि त्या दहांपैकी तीन रुजल्या.

गोष्ट इतकी सुंदर होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली. आम्हीही शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती ऐकली आणि पुढे कित्येक वर्षे वर्गात सांगितली. मुले गप्प होऊन ऐकत. पक्षी मेला म्हणून झाड निपुत्रिक झाले, हे मुलांना एकदम पटते.

पण ती तशी नव्हती. येथल्या वनखात्यातल्या आणि झाडे जाणणाऱ्या लोकांनी सांगितले की तांबालाकोकची झाडे तेरा नाहीत, शेकडो आहेत, आणि त्यांत तीनशे वर्षांपेक्षा पुष्कळ लहान झाडेही आहेत. या झाडाच्या खोडात वय मोजण्याजोगी वर्षाची कडी उमटत नाहीत, तेव्हा तीनशे वर्षे हा आकडाही अंदाजाचाच. कोय कोणाच्या पोटात न जाताही रुजते, हे तर १९७७ च्या कितीतरी आधी दिसले होते. १९९१ साली विट्मर आणि चीक यांनी हे सारे मांडून दाखविले. झाड कमी झाले आहे हे खरे. पण त्याची कारणे रानाची तोड, बाहेरून आणलेली माकडे आणि डुकरे, अंगावर चढलेला परका झाडोरा, अशी रोजची आणि आपल्याच हातची आहेत. झाडाच्या कुशीत दोष नव्हता. त्याला वाढायला जागा दिली नव्हती.

आम्ही वर्गात ती गोष्ट अजूनही सांगतो, पण आता तिचा पुढचा भागही सांगतो. पहिल्या भागाइतकी शांतता मिळत नाही, हेही येथे नमूद करतो.

रॉड्रिग्ज बेटावर १९८० साली जे घडले ते आम्हा शिक्षकांना विशेष प्रिय आहे. तेथल्या एका शिक्षकाने मुलांना परिसरातल्या झाडांची ओळख व्हावी म्हणून फांद्या आणावयास सांगितले. एका मुलाने आणलेली फांदी ‘काफे मारों’ची निघाली. हे झाड नामशेष झाले असे सर्वांनी धरले होते. सबंध बेटावर ते एकच झाड उरले होते, रस्त्याच्या कडेला. औषधी म्हणून लोक त्याचा पाला ओरबाडीत, तेव्हा त्याभोवती कुंपणे घालावी लागली. १९८६ साली त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या आणि तेथे रोप जगले. पांढरी फुले भरपूर येत, पण फळ धरत नसे. एकटे झाड, त्याचीच कलमे, बी येणारच नाही, असे जाणकारही म्हणू लागले. कार्लोस माग्दालेना नावाचे तेथले माळी मात्र फुलावर पराग ठेवण्याची वेळ बदलून, जागा बदलून, ऊब वाढवून पुन्हा पुन्हा करून पाहत राहिले. २००३ साली फळ धरले आणि त्यात बी निघाले. पुढे बिया रॉड्रिग्जला परत आल्या. सतरा वर्षे रोज फुलणाऱ्या झाडाला ‘होणार नाही’ म्हणणे सोपे होते, आणि कोणी त्याला दोषही दिला नसता.

झाडापाशी थांबलो तर लेख येथेच संपेल, आणि वाचकांना तो गोडही वाटेल. पण मुलीने आम्हाला झाडाविषयी एक आणि मावशीविषयी एक, अशा दोन गोष्टी सांगितल्या होत्या.

आमच्या घरी थोरल्या चुलत्यांना मूलबाळ नव्हते. काकीला घरात कोणी तोंडावर काही बोलले असे आम्हाला आठवत नाही. आमचे घर तसे सुसंस्कृतच म्हणायचे. बायका दुपारी तांदूळ निवडीत बसत तेव्हा ‘वांझ’ हा शब्द येई, पण तो परसातल्या आंब्याविषयी, शेजारच्या बकरीविषयी. काकी आली की आंबा आणि बकरी दोन्ही विषय बंद होत. तेवढ्यावरून आम्हा पोरांना सगळे कळले.

आम्ही आठ वर्षांचे असताना थोरल्या बहिणीचे डोहाळजेवण होते. कास्काव्हेलपासून वाक्वापर्यंतचे सगळे नातेवाईक आले होते. ओटी भरण्याची वेळ झाली तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने आम्हाला जवळ बोलावून सांगितले, “जा, काकीला सांग, खोबरे कमी पडतेय, आत जाऊन जरा खवून दे.” आम्ही धावत गेलो आणि निरोप दिला. काकी नवे लुगडे नेसून, हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने वाटी आमच्या हातात दिली, आत गेली आणि विळी पुढे ओढली. थोड्या वेळाने आम्ही पाणी प्यायला आत गेलो. दोन मोठ्या ताटांत खवलेले खोबरे आधीच तयार होते, आणि ती तिसरे भरीत होती.

त्या निरोपाचा अर्थ आम्हाला बराच उशिरा कळला. तोवर वाटी आम्हीच परत नेऊन दिली होती.

मोठे झाल्यावर आईकडून समजले की काकी एकटी तीन वेळा सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरांना तिच्यात काही दोष सापडला नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला बरोबर आणा, असे त्यांनी तिन्ही वेळा सांगितले. काका गेले नाहीत. “मला काय झालेय?” एवढेच त्यांचे उत्तर. काका वाईट माणूस नव्हते. सायकलवरून आम्हाला शाळेत सोडीत, पगाराच्या दिवशी सगळ्या पुतण्यांना गातो पिमां आणीत. पण ते दवाखान्यात गेले नाहीत, आणि घरात त्यांना कोणी जा असे म्हटलेही नाही. खोबरे खवायला त्यांना कोणी आत पाठविले नाही.

येथे भाषा काय करते ते पाहण्यासारखे आहे. ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द बाईला लागले. ‘वांझोटा’ हे रूप आहे, पण ते मराठीत वादाला आणि चर्चेला लावतात. सभेत काही निष्पन्न झाले नाही की वर्तमानपत्रे लिहितात ‘वांझोटी चर्चा’. मूल नसलेल्या पुरुषाला असा रोजचा, जिभेवर बसलेला शब्दच नाही. त्याला ‘निपुत्रिक’ म्हणतात, आणि तो शब्द कागदावरचा, जवळजवळ मानाचा. त्यातही गंमत अशी की निपुत्रिक म्हणजे पुत्र नसलेला, मग घरात चार मुली का असेनात. पुरुषाला हिणवायला जे शब्द आहेत ते निराळ्या गोष्टीविषयी आहेत, मुलाविषयी नाहीत. म्हणजे भाषेने आधीच ठरवून टाकले होते की मूल झाले नाही तर पाहायचे कोणाकडे. दवाखान्यात कोण जाणार, हे त्या ठरविण्यातूनच आले.

आजचे वैद्यक असे सांगत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी असे ते सांगते. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाबरोबर सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या हिशोबानुसार जगात सहा प्रौढ माणसांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आमच्या पाचवीच्या वर्गात तीस मुले आहेत. वाचकांनी भागाकार करावा. डॉक्टर यासाठी ‘वंध्यत्व’ म्हणतात आणि तो शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लावतात. मूळ तेच आहे, ‘वंध्या’चेच, पण निदान तो एका अवस्थेचे नाव आहे, माणसाचे नाव नाही. उपचाराला जागा ठेवणारा शब्द आहे, भाकड आणि पडीक यांच्या पंगतीला बसणारा.

काहीजण म्हणतील, शब्द बदलून काय होणार? आम्हालाही हे पुरते पटलेले नाही. आमच्या घरात काकीसाठी तो शब्द एकदाही उच्चारला गेला नव्हता, तरी खोबरे खवले गेलेच. पण घरात शब्द उच्चारला जातो आहे, आणि दहा वर्षांची मुलगी तो वहीत उतरवून आणते आहे, तेव्हा मराठीच्या शिक्षकाने घंटेची वाट पाहणे बरे नव्हे.

म्हणून पुढल्या आठवड्यात आम्ही त्याच वर्गात पुन्हा तो शब्द फळ्यावर लिहिला. त्याच्या भोवती पडीक, नापीक, खारवट, वठलेले, पोचट, भाकड हे सगळे लिहिले आणि मुलांना सांगितले की घरी आजी-आजोबांना विचारून यातला कोणता शब्द कशाला लावतात ते लिहून आणा. तेवीस मुलांनी काही ना काही आणले. एकाची पणजी नव्वदीच्या पुढची. तिने ‘भाकड’ ऐकताच आपल्या लहानपणीच्या गायीचे नाव सांगितले आणि ती पुढे किती वेळा व्याली तेही सांगितले. एका मुलाने पोचटसाठी चक्क रिकाम्या शेंगदाण्यांची पुडी आणली. मागच्या बाकावरच्या हसणाऱ्या दोघांपैकी एकाने काहीच आणले नाही. दुसऱ्याने मात्र ओसाड म्हणून आपल्या आजोबांच्या जुन्या मळ्यातल्या चाळीचे चित्र काढून आणले, आणि ते छान होते.

मुलीने पपईचे फूल आणले, डबीत, ओल्या कापडात गुंडाळून. आम्ही ते सगळ्यांसमोर उघडले. मोठे, देठाजवळ बसलेले, पाकळ्यांच्या आत हिरवट फुगीर भाग. ते मादीचे फूल होते. पपईत बहुधा नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. नराची फुले बारीक, लांब लोंबत्या देठांवर झुबक्यांनी येतात. मादीला ती आसपास नसतील तर फुले येतात आणि गळून पडतात. झाड चांगले निरोगी आहे, असे आम्ही सांगितले.

“मग फळ का नाही?” मुलीने विचारले.

आसपास दुसरे पपईचे झाड आहे का, असे आम्ही विचारले. तिने थोडा विचार केला. शेजाऱ्यांकडे होते, म्हणाली, लांब लोंबती फुले येणारे, पण त्याला पपया येत नाहीत म्हणून त्यांनी ते गेल्या चक्रीवादळानंतर तोडून टाकले.

वर्गात पुष्कळ गलका झाला. तिची वही आमच्या टेबलावर होती. तांबडी फुली तशीच होती. ‘नापीक’ बरोबरच होते, त्यामुळे ती खोडता येईना. ती वही घ्यायला आली तेव्हा मावशीला काय म्हणायचे, असे तिने विचारले नाही, आणि आम्हीही तिला काही सांगितले नाही. मावशी कोठे असते, एवढे विचारले. आजीकडेच असते, ती म्हणाली. पपईचे फूल तिनेच शिडी लावून काढून दिले होते आणि डबीही तिचीच होती, ती आजच परत न्यायची होती.